काड्यापेटीएवढ्या कार्डातले नऊ हजार शब्द

वाशीम जिल्ह्यात आज सोयाबीनचे राज्य आहे. कापूस अगदीच गेला असे नाही, पण मागे पडला. आणि पीक मागे पडले की त्याच्याभोवतीचे शब्दही बांधावर जाऊन बसतात. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचे झाड, हे आजीला सांगावे लागत नाही, तिच्या नातवाला मात्र सांगावे लागते. तिफन, चाडे, डवरा, कुटार, ढेप या शब्दांचीही तीच गत.

असले शब्द वेचण्याचा नाद आमच्याकडील एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांना लागला. मंगरूळपीर, मालेगाव, रिसोड इकडच्या बाजारांत बसून ते शब्द टिपून घेत. १९९४ साली निवृत्तीच्या पैशातून त्यांनी चक्क संगणक घेतला, तेव्हा गावाने त्यांना वेड्यात काढले. गुरुजी आज नव्वदीच्या घरात आहेत. संगणकही त्या मानाने तितकाच म्हातारा. शब्द भरले होते नऊ हजारांवर.

त्या संगणकाच्या पोटात एक हिरवी पट्टी खोचलेली आहे. तिचे नाव 'जिस्ट' कार्ड. कानपूरच्या आयआयटीत हे संशोधन सुरू झाले आणि १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेत ते वाढले. त्या काळचा संगणक फक्त इंग्रजी जाणे. ही पट्टी खोचली की इंग्रजीसाठी लिहिलेल्या साध्या डॉस कार्यक्रमातही देवनागरी उमटू लागे. पुण्यामुंबईच्या लोकांना याचे अप्रूप नसेल; वाशीमला तो चमत्कारच होता.

काही वर्षांपूर्वी यंत्रातली मूळ हार्ड डिस्क खडखडू लागली, म्हणून तिच्यातले सगळे उतरवून तिच्या जागी एक मेमरी कार्ड बसवण्यात आले. काड्यापेटीएवढे, पण चपटे. जुन्या कॅमेऱ्यांत असे ते कॉम्पॅक्ट फ्लॅश जातीचे. या जातीची गंमत अशी की ते हार्ड डिस्कचीच भाषा बोलते. मध्ये एक साधी जोडपट्टी पुरते, दुभाष्या लागत नाही. मोबाइलमधल्या एसडी कार्डाला मात्र दुभाष्याची चिप लागते, आणि बिघाडाला तेवढी आणखी एक जागा मिळते.

गेल्या उन्हाळ्यात यंत्राने काळ्या पडद्यावर इंग्रजीत कळवले की सुरू होण्याजोगी डिस्क सापडत नाही. शहरातल्या एका दुकानदाराने कार्ड मेल्याचे जाहीर केले आणि नवे चौसष्ट जीबीचे घालून देतो म्हणाला. गुरुजींच्या फ्लॉप्यांना बुरशी आलेली, कागदावरची एकुलती प्रत वाळवीने नेलेली. म्हणजे नऊ हजार शब्द त्या मेलेल्या म्हटलेल्या कार्डात, आणि अन्यत्र कोठेही नाहीत!

मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला गाठले. मराठीत दोनदा नापास झालेला. पण तापलेली सळई हातात आली की त्याच्यासारखा एकाग्र माणूस नाही. त्याने पहिले काम केले ते दुरुस्तीचे नव्हतेच. कार्ड आजच्या संगणकाला जोडून त्याने त्याची आरंभापासून अखेरपर्यंत जशीच्या तशी नक्कल काढली, आणि यापुढे प्रयोग नकलेवर, मूळ कार्ड डबीत, असे ठरवून टाकले. वाचकांपैकी कोणाच्या घरी असे काही असेल तर एवढे लक्षात ठेवावे. आजचे संगणक अनोळखी कार्ड पाहिले की 'फॉरमॅट करू का?' असे नम्रपणे विचारतात. त्या नम्रतेला भुलू नये. या कार्डाला लेखन रोखणारी खिट्टीही नसते.

नक्कल विनातक्रार निघाली.

"काऊन रे बाबू, मेलं का ते?" गुरुजींनी विचारले.

"नाही जी गुर्जी, कार्ड जित्तं हाय. मशीनच इसरली."

विसरली ती अशी. आजचा संगणक डिस्कला तिची मापे स्वतः विचारून घेतो. गुरुजींचा तसा नाही. त्याला सिलिंडर किती, हेड किती, सेक्टर किती, हे तीन आकडे एकदा हाताने सांगावे लागतात, आणि ते एका बारक्या बॅटरीच्या आधाराने तो ध्यानात ठेवतो. बॅटरी संपली की सारे विसरतो. यंत्राची तारीख १ जानेवारी १९८० दाखवत होती, तेथेच खरे तर रोग कळायला हवा होता.

आकडे चुकले तर काय होते? समजा, वहीच्या प्रत्येक पानावर बत्तीस ओळी लिहिल्या आहेत आणि वाचणाऱ्याला कोणी सांगितले की पान सतराच ओळींचे असते. 'दहावे पान, तिसरी ओळ' म्हटल्यावर तो भलतीकडेच बोट ठेवील. वाचताना फार तर गोंधळ होईल. पण अशा समजुतीने कोणी लिहू लागला तर चांगल्या मजकुरावर रेघोट्या ओढील. दुकानदाराने तसाच कुठला तरी तयार क्रमांक दाबून पाहिला होता. नशीब, काही लिहिले नाही.

खरे आकडे कार्डातच होते. डॉस आपल्या पहिल्या नोंदीत हेड आणि सेक्टर लिहून ठेवतो: ८ आणि ३२. कार्डावर एकूण सेक्टर २,५०,८८०. भागाकार केला की सिलिंडर ९८० येतात. मराठीच्या प्राध्यापकालाही जमावा असा हिशेब! चौसष्ट जीबीच्या कार्डाने येथे काही साधले नसते. या पिढीच्या यंत्रांची मोजणी ५०४ एमबीपाशीच थांबते.

बॅटरी नुसती संपली नव्हती, पाझरली होती. बोर्डावर हिरवट-निळा थर चढला होता. तो क्षार असल्यामुळे लिंबाच्या रसाने निवतो. मग स्पिरिटने पुसून तुटलेल्या रेषा बारीक तारेने सांधल्या. नाण्यासारखा नवा सेल बसवताना मध्ये डायोड घातला, कारण जुना बोर्ड बॅटरीला चार्ज करू पाहतो आणि लिथियमच्या सेलला ते सोसत नाही.

मग नकलेवरून भरलेले दुसरे कार्ड लावले, ४७ क्रमांकाच्या प्रकारात तीन आकडे घातले आणि यंत्र जागे झाले. पण देवनागरी नाही. अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा आणि चौकटी. 'जिस्ट'ची पट्टी उपसून तिचे सोनेरी दात शाळकरी खोडरबराने घासले, पुन्हा घट्ट बसवली, आणि पडद्यावर 'अ' उमटला. गुरुजींनी चष्मा पुसला.

तरी एक कुलूप उरलेच होते. गुरुजींचे शब्द 'इस्की' या संकेतात आहेत. १९९१ साली भारतीय मानक म्हणून ठरलेला. त्यात 'क'चा क्रमांक १७९. आजच्या साध्या संगणकाला १७९ म्हणजे डोक्यावर चढलेला बारका इंग्रजी तीन! सगळी अक्षरे जागच्या जागी असून वाचणाराच निरक्षर. वाशीमला १९३९ मध्ये वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला, तो दीड हजारांहून अधिक वर्षांनी वाचता आला, कारण लिपी जाणणारे होते. कारंज्याच्या जैन भांडारांत हस्तलिखिते जपली होती. पुष्पदंताचे दहाव्या शतकातले 'जसहरचरिउ' १९३१ साली डॉ. प. ल. वैद्यांच्या संपादनाने कारंज्याच्याच ग्रंथमालेत निघाले. आमच्या गुरुजींचे लेखन अवघे तीस वर्षांचे, आणि ते वाचायला किल्ली शोधावी लागली.

किल्ली म्हणजे इस्कीचे युनिकोड करणारा तक्ता. तो मिळाला, चालवला, भराभर पाने झाली. गुरुजी वाचू लागले आणि पहिल्याच पानावर अडले.

"मास्तर, हे 'पर्हाटी' कोनं लिवलं? म्या नाही लिवलं."

बरोबर होते. 'पऱ्हाटी'तला अर्धा र इस्कीत वेगळ्या क्रमांकाचा; तक्ता करणाऱ्याने दोन्ही 'र' एकाच खणात टाकलेले. त्याला 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत फरक नव्हता. आम्हांला एक समुद्र आणि दुसऱ्या डोंगरातल्या. तक्त्यातली ती ओळ सुधारून सारे पुन्हा चालवले.

आता नऊ हजार शब्द तीन ठिकाणी आहेत, आणि मूळ कार्डाच्या डबीवर गुरुजींनी शाईने लिहिले आहे: ९८०, ८, ३२. त्यांनी मोठ्या टायपातली छापील प्रत मागवून घेतली, आणि समास रुंद ठेवायला सांगितला. 'चाडे' या शब्दाचा रिसोडकडचा एक अर्थ घालायचा राहून गेला होता म्हणे.