टाकीलाही श्वास लागतो

मारुतीची व्हॅन १९८४ साली आली, तिचीच पुढे ओम्नी झाली आणि २०१९ मध्ये ती बंद झाली. आमच्या बोरगावातली माझी ओम्नी मात्र अजून चालते. गेल्या उन्हाळ्यात तिने खोड काढली. पंपावर लिटरभर पेट्रोल गेले, की नोझल ‘खट्’ करून बंद. टाकी तर रिकामी! मी दुर्लक्ष केले.

आठवड्याने वडिलांना नागपूरला डॉक्टरांकडे नेताना सावनेरच्या अलीकडे गाडी मेली. वडील ऐंशीचे, ऊन मे महिन्याचे. सहज टाकीचे झाकण उघडले, तर ‘फुस्स’ करून हवा आत शिरली आणि गाडी सुरू! पुढे दर काही मैलांवर हाच उद्योग करत कसेबसे पोचलो.

दोन्ही दुखणी एकच. पेट्रोल आत जाते तेव्हा टाकीतली हवा एका बारीक नळीतून बाहेर पडते. ती नळी कुंभारीण माशीने मातीने लिंपली होती. हवा अडली, की पेट्रोल फेसाळून वर येते, नोझलच्या टोकाचे छिद्र झाकते आणि नोझल आपोआप मिटते. झाकणातली हवा आत घेणारी झडपही चिकटलेली. त्यामुळे गाडी चालताना टाकीत पोकळी होई आणि पंपाला पेट्रोल ओढवेना.

‘गाळी होगबेकु,’ धारवाडची माझी बायको म्हणाली. हवा जायलाच हवी. मी म्हटले, यायलाही हवी!

नळीत तोंडाने फुंकू नका, जवळ बिडी-काडी नको. नवी नळी पेट्रोलचीच घ्या, पाण्याची चालत नाही. मी झाकणही बदलले. वडील मात्र गाडीत बसण्याआधी अजून ते एकदा उघडून कान लावतात.