उभ्या गाडीचं दुखणं

इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त एमजीबी गाड्या तयार झाल्या. १७९८ सीसीचं इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर, दोन माणसांपुरती जागा. तिथले मालक हिवाळ्यात ही गाडी झाकून ठेवतात आणि ऊन पडू लागलं की हौसेनं चावी फिरवतात. नेमकी तिथेच चूक होते. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत आधी ब्रेक पाहावेत, इंजिन नंतर. सुरू न झालेली गाडी कुणाचा जीव घेत नाही.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट-४ प्रकारचं ताजं ऑइल २३० अंशांच्या पुढे उकळतं. पाणी मुरलं की हा आकडा १५५ पर्यंत घसरू शकतो, आणि उतारावर पेडल अचानक पोकळ लागतं. पुढचं चाक ब्रेक सोडल्यावरही जाम राहिलं, तर हवा काढायचा निपल सैल करून पाहा. चाक लगेच मोकळं झालं, तर बहुधा रबरी होजपाइप आतून फुगलेला असतो. हँडब्रेक ओढून ठेवलेल्या गाडीचे मागचे लायनर ड्रमला चिकटतात, ते वेगळंच.

यानंतर पेट्रोल. एमजीबीचा विजेवरचा पंप मागच्या उजव्या बाजूला असतो. चावी फिरवली की तो भराभर टकटकतो, मग मंदावतो आणि कार्बोरेटर भरले की गप्प होतो. ही टकटक कान देऊन ऐकावी, निम्मं निदान तिथेच होतं. आवाजच नसेल आणि पंपापर्यंत करंट पोहोचत असेल, तर त्याला हलकेच ठोकून पाहावं. चालू झाला, तर आतले पॉइंट खराब झालेत. टकटक थांबतच नसेल, तर टाकी रिकामी आहे, पाइप हवा ओढतोय किंवा फ्लोटची सुई अडकून पेट्रोल बाहेर वाहतंय. अशा वेळी चावी ताबडतोब बंद करावी.

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं झालं, आपल्याकडे तर वीस टक्के आलं. जुन्या रबराला ते सोसत नाही. आर-९ दर्जाचे नवे पाइप टाकणं हा माझ्या मते या गाडीवरचा सगळ्यात सार्थकी लागणारा खर्च आहे.

कार्बोरेटरचा पिस्टन बोटानं उचलून सोडला की टक्‌ आवाज करून खाली बसला पाहिजे. अडखळला, तर खोलून पुसावा. पॉलिश पेपर अजिबात लावू नये.

सेल्फ मरतुकडा फिरतोय म्हणून सरळ बॅटरी बदलू नका. इंजिनाची अर्थिंगची पट्टी गंजली, की करंट चोकच्या तारेतून वाट काढतो आणि ती तार हाताला गरम लागते. ठिणगीसाठी डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटमधलं अंतर ०.०१५ इंचाच्या आसपास ठेवावं.

महिन्यातून एकदा जागेवरच पाच मिनिटं इंजिन चालवणं हा मात्र उपाय नव्हे. तेवढ्यात ऑइल पुरतं तापत नाही. धुरातलं पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचून राहतं. चालवायचीच, तर वीस-पंचवीस किलोमीटर चालवा.

आणि निघण्यापूर्वी टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. आकडे तीनच असतील, तर तो टायर गेल्या शतकातला आहे. दहा वर्षं उलटली असतील, तर नक्षी कितीही खोल दिसो, टायर बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.