एअर ब्रेकचा धडा टाळू नका!
अमेरिकेत ट्रकसाठी सीडीएल, म्हणजे व्यावसायिक गाड्यांचं लायसन्स, काढताय? राज्याचं हँडबुक फुकट मिळतं, तेच वाचा. ‘हमखास येणाऱ्या’ प्रश्नांच्या नादी लागू नका. जनरल नॉलेजच्या पेपरला साधारण ५० प्रश्न, पास व्हायला ८० टक्के. पण खरी गंमत एअर ब्रेकच्या धड्यात! पेडल दाबल्यावर हवा चाकापर्यंत पोचायला अर्धा सेकंद तरी जातो. ताशी ५५ मैलांवर या उशिरापोटी थांबायचं अंतर, हँडबुकच्या हिशेबाने, सुमारे ३२ फुटांनी वाढतं! या धड्याचा पेपर न देता सुटलात, तर लायसन्सवर एअर ब्रेकच्या गाड्यांना मनाईचा शिक्का बसतो. मग मोठे ट्रक विसराच. हँडबुक पुढच्या गाडीपासूनचं अंतरही सेकंदांत मोजतं: दर १० फूट लांबीला एक, वेग ४० मैलांवर गेला की वर आणखी एक. म्हणजे ४० च्या वर ६० फुटी ट्रकला ७ सेकंद.