युरिक अ‍ॅसिड वाढलं म्हणजे गाऊट नव्हे

शिरपुरात गुडघा टरारून सुजला की घरातली पहिली बंदी उडदाच्या डाळीवर येते. मग रक्त तपासतात, युरिक अ‍ॅसिड ७.५ निघालं की रोगाचं नाव पक्कं! पण युरिक अ‍ॅसिड वाढलेल्या बहुतेकांना गाऊट कधीच होत नाही, आणि ऐन झटक्यात हाच आकडा नॉर्मलही येतो. डाळीचं म्हणाल तर २००४ साली अमेरिकेतल्या ४७ हजार पुरुषांच्या अभ्यासात धोका मांस-मासळीने वाढलेला दिसला, डाळींनी नाही.

खरं उत्तर सांध्यातल्या पाण्यात असतं. पायाच्या अंगठ्याचा नेहमीचा ठणका डॉक्टर लक्षणांवरून ओळखतात. एकटाच गुडघा सुजला, तर मात्र सुई घालावी. पाण्याचा थेंब ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला की युरेटचे, म्हणजे युरिक अ‍ॅसिडच्या क्षाराचे, सुईसारखे स्फटिक चमकतात, काही तर पांढऱ्या पेशींच्या पोटात शिरलेले. काचपट्टी काटकोनात फिरवली की पिवळी सुई निळी होते. मॅक्कार्टी आणि हॉलंडर यांनी १९६१ साली ही ओळख पटवून दिली. स्फटिक आखूड, चौकटीसारखे आणि मंद चमकणारे असले तर ते कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे. दुखणं तसंच, रोग वेगळा. तिथे युरिक अ‍ॅसिड उतरवणारं अ‍ॅलोप्युरिनॉल कामाचं नाही.

‘एकदा पाणी काढलं की सारखं भरतं, वंगण संपतं’ हे तर घरोघरी ऐकू येतं. पाणी भरतं ते आतल्या सुजेमुळे, सुईमुळे नव्हे. वंगण सांध्याचं अस्तर बनवतच राहतं. उलट ताण उतरल्याने रुग्णाला बरं वाटतं.

सगळ्यात महागात पडतो तो वेगळाच समज: स्फटिक दिसले, विषय संपला. गाऊटच्या सांध्यात पूही होऊ शकतो, आणि पू काही दिवसांत कूर्चा खाऊन टाकतो. निरोगी सांध्यात घनमिलिमीटरला पांढऱ्या पेशी २०० च्या आत असतात. ५० हजारांपुढे गेल्या तर आधी जंतुसंसर्गाची शंका घ्यावी. पण तिथवर गाऊटही कधी पोचतो, म्हणून जंतू शोधायला ग्रॅम स्टेन आणि कल्चर हवंच.

नमुना धुळ्याला न्यायचा तर त्याच दिवशी न्यावा, फॉर्मलिनमध्ये घालून नव्हे. त्यात युरेट विरघळू शकतं. आणि शक्यतो अँटिबायोटिक पाणी काढल्यावरच सुरू करावं. आधी गोळ्या पोटात गेल्या, तर सांध्यात जंतू असूनही कल्चर कोरं येऊ शकतं.