डॅफ्निया लुमहोल्टझी
डॅफ्निया लुमहोल्टझी ही गोड्या पाण्यातील जलपिसूची एक प्रजाती आहे. आफ्रिका, भारतासह दक्षिण आशिया व ऑस्ट्रेलिया येथील उष्ण प्रदेशांतील तळी आणि जलाशय हा तिचा मूळ अधिवास होय. क्वीन्सलंडमधील वाळलेला चिखल नॉर्वेत भिजवून, त्यातून निपजलेल्या जीवांवरून जी. ओ. सार्स यांनी १८८५ मध्ये तिचे वर्णन केले. कोरड्यातही तग धरणारी सुप्त अंडी हेच तिच्या प्रसाराचे मुख्य साधन आहे. १९९० च्या दशकारंभी ती अमेरिकेत टेक्सास व मिसूरीतील जलाशयांत आढळली. आयात माशांबरोबर ती तेथे पोचली असावी. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात पाणी तापून स्थानिक डॅफ्निया घटतात, तेव्हा हिची संख्या वाढते. मात्र तिचे टोकदार शिरस्त्राण व लांब पुच्छकंटक यांमुळे माशांच्या पिलांना ती गिळणे अवघड जाते. म्हणजे पाण्यात खाद्य विपुल दिसले तरी पिले उपाशी राहू शकतात.