५७ चे ६३ : मोठ्या बोअरच्या चेतकचा दम

चांदवड म्हटलं की होळकरांचा रंगमहाल, रेणुकामातेचं देऊळ आणि कांद्याने भरलेल्या गाड्या डोळ्यांपुढे येतात. स्कूटरवाल्याला मात्र आधी राहुड घाट आठवतो. मुंबई-आग्रा महामार्गावर मालेगावकडे जाताना लागणारा हा घाट सह्याद्रीतल्या मोठ्या घाटांपुढे लहानच. पण मे महिन्याच्या दुपारी, मागे माणूस आणि पायाशी पिशवी घेऊन जुनी चेतक इथे चढवली, की इंजिन किती दम धरतं ते लगेच कळतं. मोठ्या बोअरच्या स्कूटरची पारख करायची तर ती अशा चढावर करावी. सपाट रस्त्यावर दोन मिनिटं कुठलंही इंजिन पळतं.

चेतकचं घराणं इटलीचं. बजाज ऑटोने साठच्या दशकाच्या सुरुवातीला पियाज्जिओच्या परवान्याखाली व्हेस्पा बनवायला घेतली. १९७१ मध्ये परवाना संपला आणि १९७२ मध्ये महाराणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक आली. पुण्याजवळच्या आकुर्डीत तयार होणाऱ्या या स्कूटरसाठी लोकांनी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिली. इंजिनाची मांडणी व्हेस्पाचीच राहिली : उजव्या डब्याखाली बसलेलं टू-स्ट्रोक इंजिन, बिडाचा सिलिंडर, अॅल्युमिनियमचं हेड, चार गिअर. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५७ मिलिमीटर आणि स्ट्रोकही (पिस्टनची धाव) ५७, म्हणजे १४५.४५ सीसी. व्यवहारात हिला सगळे दीडशे सीसीच म्हणतात.

आपल्याकडे ‘बोअर केला’ या शब्दांत दोन वेगळी कामं येतात. पहिलं दुरुस्तीचं. सिलिंडर झिजला, कंप्रेशन उतरलं, की बोअरवाल्याकडे नेऊन तो पाव मिलिमीटरने मोठा करायचा आणि ओव्हरसाइज पिस्टन टाकायचा. पुढच्या वेळी आणखी पाव. यात इंजिनाची ताकद जवळपास पहिल्यासारखीच राहते. दुसरं काम वाढीचं. इटलीतल्या पोलिनीसारख्या कंपन्या दीडशे सीसी व्हेस्पासाठी ६३ मिलिमीटर बोअरचा सिलिंडर बनवतात. स्ट्रोक तोच ठेवला तर हिशेब १७७.६८ सीसीवर जातो. चेतक त्याच घराण्यातली असल्याने असे सिलिंडर तिच्याकडेही आले. मात्र ते बसतात हे गृहीत धरू नये. सिलिंडरखालचं गॅसकेट क्रँककेसच्या तोंडावर ठेवून पोर्ट एकमेकांशी जुळतात का, हे आधी ताडून पाहायचं.

१४५ वरून १७७ म्हणजे २२ टक्क्यांची वाढ. प्रत्येक फेऱ्यात तेवढं जास्त मिश्रण जळणार, त्याच प्रमाणात उष्णता वाढणार, आणि तितकाच जादा दाब क्रँकवर व कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर येणार. क्रँक, बेअरिंग, क्लच आणि हवा देणारा पंखा मात्र जुनेच. इंजिन टिकवण्याचं सगळं शास्त्र या २२ टक्क्यांची सोय लावण्यात आहे.

पहिली सोय मापाची. अॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. ६३ मिलिमीटरचा पिस्टन दीडशे अंशांनी तापला तर सुमारे ०.२ मिलिमीटर वाढतो. सिलिंडर तेवढाच तापला तरी ०.१ च्या आसपासच वाढतो. शिवाय पिस्टन सिलिंडरपेक्षा नेहमीच जास्त तापतो. म्हणून दोघांमधली मोकळी जागा अंदाजाने ठरत नाही. पिस्टनच्या स्कर्टवर मायक्रोमीटर, सिलिंडरमध्ये वरपासून खालपर्यंत बोअर गेज, आणि पिस्टन बनवणाऱ्याने दिलेलं माप, हे तिन्ही जुळले पाहिजेत. रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट फिलर गेजने पाहायची; ६३ च्या बोअरला ती पाव मिलिमीटरच्या आसपास असते. बोअर केल्यावर पोर्टच्या कडा धारदार राहतात. त्या हलक्या हाताने मोडल्या नाहीत तर रिंग अडकून तुटते. हे काम दहा मिनिटांचं, आणि घाईत नेमकं हेच राहून जातं.

दुसरी सोय हेडची. ५७ चं हेड ६३ च्या सिलिंडरवर चालेल हे गृहीत धरू नये. पिस्टन पूर्ण वर आल्यावर त्याची कड आणि हेड यांच्यात किती जागा उरते, हे पाहायला जुनी रीत उत्तम आहे : सोल्डरची मऊ तार आत सोडायची, क्रँक हाताने फिरवायचा आणि चेपलेली तार व्हर्नियरने मोजायची. रोजच्या गाडीला सव्वा ते दीड मिलिमीटर ठीक. जागा फार कमी झाली तर पिस्टन हेडला टेकण्याची भीती, फार जास्त झाली तर नॉकिंगची. इग्निशनचं टायमिंगही सिलिंडर बनवणाऱ्याने सांगितलेल्या अंशावर आणायचं. बहुधा ते मूळ खुणेपेक्षा थोडं मागे असतं, आणि स्ट्रोब लाइटखालीच खात्रीने दिसतं.

तिसरी सोय पेट्रोलची. मिश्रणात पेट्रोल कमी पडलं की टू-स्ट्रोकवर दुहेरी संकट येतं : आतली उष्णता वाढते आणि पेट्रोलबरोबर येणारं ऑइलही कमी होतं. म्हणून मोठ्या बोअरला मोठा मेन जेट लागतो. सुरुवात मुद्दाम मोठ्या जेटने करावी आणि मग एकेक नंबर खाली यावं. टॉप गिअरला पूर्ण थ्रॉटलवर थोडं चालवून, क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करायचं आणि प्लग काढून बघायचा. चॉकलेटी रंग चांगला. पांढरा दिसला तर तिथेच थांबायचं. ऑइल सील किंवा गॅसकेटमधून हवा आत ओढली जात असेल, तर कुठलाही जेट इंजिनाला वाचवू शकत नाही. जुन्या चेतकमध्ये क्रँकचे सील या कामासोबतच बदलावेत ते यासाठी.

आता यात इथेनॉलचीही भर पडली आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. साध्या पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते. या मिश्रणाला सुमारे १३.५ भाग पुरते. म्हणजे तोच जेट ठेवला तर इंजिनाला पेट्रोल कमी पडतं. इथेनॉल पाणीही ओढतं. स्कूटर महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवावेत. ऑइल मात्र डोळ्यांच्या अंदाजाने ओतू नये. दोन टक्के म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, मापानेच.

चौथी सोय हवेची, आणि इथे राहुड घाट पुन्हा कामाला येतो. चेतकचं इंजिन डब्याखाली झाकलेलं असतं. त्याला हवा मिळते ती फ्लायव्हीलवरच्या पंख्याची. पंखा क्रँकबरोबर फिरतो, त्यामुळे गाडीचा वेग किती आहे याला महत्त्व उरत नाही; इंजिन किती फिरतंय यावर थंडावा ठरतो. चढावर टॉप गिअरमध्ये थ्रॉटल पिळून गाडी रेटली, तर आत उष्णता सगळ्यात जास्त आणि पंख्याची हवा सगळ्यात कमी. गिअर वेळेवर खाली आणला तर इंजिन मोकळं फिरतं आणि पंखाही पुरेशी हवा देतो. फिन्समध्ये बसलेली धूळ, ऑइलचा लेप आणि काडीकचरा साफ ठेवणं, सिलिंडरवरचं पत्र्याचं आवरण फट न राहता बसवणं, या कामांचा खर्च शून्याच्या जवळ आहे.

उतार आणखी फसवा. थ्रॉटल बंद ठेवून गाडी इंजिनावर सोडली तर क्रँक वेगाने फिरत राहतो, पण पेट्रोल येत नाही म्हणून ऑइलही येत नाही. लांब उतारावर मधूनमधून थ्रॉटल थोडा उघडावा. इंजिनाचा आवाज आवळल्यासारखा झाला आणि गाडी आपोआप मंदावू लागली, तर पिस्टन धरतो आहे हे ओळखून तत्क्षणी क्लच दाबावा. मागचं चाक जाम होण्याआधी हातात फार थोडा वेळ असतो. म्हणून नव्या बोअरवर दोन बोटं क्लचवर असावीत. पहिले पाचशे किलोमीटर रनिंगचे समजावेत : एकाच थ्रॉटलवर ताणायचं नाही, गाडी तापू द्यायची, पूर्ण निवू द्यायची, आणि ओझं घेऊन घाट चढायचा नाही.

फोर-स्ट्रोक गिअरलेस स्कूटरला हेच गणित थोड्या वेगळ्या अंगाने लागू होतं. तिथे ऑइल इंजिनाच्या तळाशी असतं आणि ते थोडंच असल्याने लवकर बदलावं लागतं. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत इंधन संगणक मोजतो. तिथे जेट बदलण्याची सोयच नाही. सिलिंडर मोठा केला आणि संगणकाचा हिशेब जुनाच राहिला, तर जोर दिल्यावर पेट्रोल कमी पडतं.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. आरसी बुकावर सीसी लिहिलेले असतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करायला मनाई करतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडू शकतो. म्हणून आरटीओत विचारल्याशिवाय असा सिलिंडर रस्त्यावर आणू नये. ब्रेक तर आधी बघावेत. चेतकची दहा इंची चाकं आणि ड्रम ब्रेक दीडशे सीसीच्या वेगासाठी बनलेले आहेत.

हे सगळं करून मिळालेली ताकद कुठे खर्च करायची, हा शेवटचा आणि सगळ्यात मोठा निर्णय. ती टॉप स्पीडमध्ये घातली तर उष्णता, दाब आणि झीज तिन्ही वाढतात आणि वर्षभरात इंजिन पुन्हा उघडावं लागतं. ती घाटावर, ओझ्यासाठी, थ्रॉटल अर्धाच ठेवून चालण्यासाठी वापरली तर तोच १७७ सीसीचा सिलिंडर मूळ इंजिनापेक्षा कमी कष्टात तेच काम करतो. मोठा बोअर घ्यावा तो इंजिनाला सवड देण्यासाठी. ही सवड राखून चालवणाऱ्याचीच स्कूटर टिकते.