बाराशे ते चौदाशेच्या मधे

मांडवीतून मुरगावकडे निघालेल्या बार्जवरचे तांबड्या मातीचे ढीग गोव्यात कुणाला नवे नाहीत. या लोहखनिजाचा जपान कित्येक दशके मोठा गिऱ्हाईक होता. पण त्यातला बराचसा माल भुगा. तो तसाच झोतभट्टीत ओतला, तर खालून येणाऱ्या तापलेल्या वाऱ्याची वाटच बुजते. म्हणून आधी भाजून त्याचे सच्छिद्र खडे करून घ्यावे लागतात. हेच सिंटरिंग. पोलाद कारखान्याचा धूर म्हटला की आपले बोट झोतभट्टीकडे जाते. धूळ, गंधक व नायट्रोजनची ऑक्साइडे आणि डायॉक्सिन यांचा मोठा वाटा मात्र या भाजणीतून बाहेर पडतो.

भाजणीची रीत दिसायला साधी आहे. भुग्यात चुनखडी आणि कोकचा चुरा कालवायचा, सरकत्या जाळीवर अर्धा मीटर किंवा त्याहून जाड थर पसरायचा, वरून पेटवायचा आणि खालून पंख्यांनी हवा ओढायची. आग थरातून खाली उतरत जाते. जाळीच्या दुसऱ्या टोकाला थर पोचेतो ती तळाला टेकलेली असते.

खरी मेख तापमानात आहे. 1200 अंश सेल्सिअसच्या वर गेल्यावर चुना आणि लोह मिळून रस सुटतो, आणि त्या रसाने कण एकमेकांना धरतात. त्यातून तयार होणारे कॅल्शियम फेराइट मजबूतही असते आणि झोतभट्टीत त्यातला प्राणवायू लवकर काढून लोखंड मिळवायला सोयीचेही. मात्र 1400 अंश ओलांडले की तेच विघटन पावते आणि खडे ठिसूळ होतात. वरच्या थराची तर दुहेरी कुचंबणा. थंड हवा थेट त्याच्यावर येते, त्यामुळे रस सुटतो न सुटतो तोच तो गारठतो. कोक वाढवावा, तर पारा चौदाशेच्या पार जातो आणि धूरही वाढतो. भाकरीखाली जाळ मोठा केला की वरून करपते, आत कच्ची राहते, तसेच हे.

जपानच्या जेएफई स्टीलमधल्या संशोधकांनी प्रश्नच बदलला. ताप चढवायचा नाही, टिकवायचा. मग तो कोकनेच कशाला टिकवायला हवा? वरून आत ओढल्या जाणाऱ्या हवेतच थोडा इंधनवायू मिसळला तर?

पेटत्या थरावर ज्वालाग्राही वायू सोडायचा, हे ऐकूनच कुणाच्याही छातीत धस्स व्हावे. वायू वरच्या वर पेटला तर सगळे मुसळ केरात. न जळता खाली निसटला, तर धूळ पकडणाऱ्या विजेच्या यंत्रात ठिणग्या त्याची वाटच पाहत असतात. उत्तर विरळपणात सापडले. मिथेन हवेत सुमारे पाच टक्क्यांहून कमी असेल, तर त्यातून साध्या हवेत ज्योत पसरत नाही. वायू त्या मर्यादेच्या पुष्कळ खाली ठेवला की तो पृष्ठभागावर पेट घेत नाही, हवेबरोबर गुपचूप आत शिरतो, आणि आतला तप्त भाग गाठल्यावरच जळतो.

प्रयोगशाळेत त्यांनी क्वार्ट्झ काचेचे पारदर्शक भांडे घेतले. मला या शोधातली सर्वात देखणी गोष्ट हीच वाटते: जे एरवी लोखंडी भिंतीआड घडते, ते डोळ्यांनी पाहता येऊ लागले. काचेतून एक लालभडक पट्टा हळूहळू खाली सरकताना दिसतो. नुसत्या कोकवर तो अरुंद असतो. वायू सोडला की तो रुंदावतो, आणि रुंदावतो तो वरच्या अंगाने. कारण वायू जळतो तो कोकच्या आगीच्या जरा वर, म्हणजे नुकताच रस सुटून गार पडू पाहणाऱ्या थरात. निवण्याआधीच त्याला पुन्हा ऊब मिळते. कोक त्या मानाने घटवलेला असल्यामुळे कमाल तापमान मात्र वर चढत नाही. 1200 ते 1400 अंशांमधला मुक्काम तेवढा लांबतो.

जानेवारी 2009 मध्ये कावासाकीतल्या केइहिन कारखान्यात हे तंत्र प्रत्यक्ष उत्पादनात आले. नाव ठेवले सुपर सिंटर. पेटवण्याच्या भट्टीतून थर बाहेर पडला की लगेच, वरचा भाग भाजत असतानाच, त्याच्यावर शहरात घरोघरी नळाने जातो तोच, मुख्यतः मिथेनचा, वायू सोडायचा. तेवढ्याच उष्णतेसाठी मिथेनमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड कोकच्या जवळपास निम्मा असतो. शिवाय कोकमध्ये मुरलेला नायट्रोजन मिथेनमध्ये नाही. त्यात खडे मजबूत झाल्याने पुढे झोतभट्टीचे इंधनही वाचते. कंपनीच्या हिशेबाने वर्षाला 60,000 टनांपर्यंत कार्बन डायऑक्साइड कमी झाला. हा नळाचा वायूही जमिनीतूनच उपसलेला आहे, हे मला विसरता येत नाही. तरीही धुराड्यातून जे कमी झाले, ते खरोखर कमी झाले.

केइहिनची झोतभट्टी सप्टेंबर 2023 मध्ये बंद झाली. तोवर हे तंत्र कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यांत पोचले होते, आणि वायूला जादा प्राणवायूची जोड देऊन तो लाल पट्टा आणखी रुंद करण्याचे कामही झाले होते.